१९६२ पासूनचा कर, २०१२ साली लावलेला

सिनॉप्सिसच्या प्रेझेंटेशनला मला पहिलाच प्रश्न आला: "एम.एस्सी. केमिस्ट्री, आणि विषय करांच्या इतिहासाचा?" मी म्हटलं, रीडिंग घेतल्यावर पद्धत बदलायची नाही हे आम्हाला लॅबमध्ये शिकवलं. सरकारं मात्र कधीकधी व्यवहार झाल्यावर नियम बदलतात. ते न्याय्य कधी ठरतं, हे मला बघायचंय.

तुम्ही व्होडाफोन प्रकरण ऐकलं असेलच. फेब्रुवारी २००७ मध्ये व्होडाफोनच्या डच कंपनीने हचिसनकडून केमन बेटांवरची एक कंपनी सुमारे ११ अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं. त्या कंपनीमार्फत हचिसन-एस्सार या भारतीय मोबाइल कंपनीतला मोठा हिस्सा हाती येणार होता. आयकर खात्याचं म्हणणं होतं, मालमत्ता इथली तर कर इथे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये खात्याची बाजू उचलून धरली. २० जानेवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि भरून घेतलेले २,५०० कोटी रुपये ४ टक्के व्याजाने परत करायला सांगितले.

दोनच महिन्यांत अर्थसंकल्प आला. प्रणव मुखर्जींनी आयकर कायद्याच्या कलम ९ मध्ये 'स्पष्टीकरण' घातलं, लागू १ एप्रिल १९६२ पासून. हीच तारीख का? १९६१ चा आयकर कायदा त्या दिवशी अमलात आला म्हणून. म्हणजे संसद म्हणत होती, आम्ही नवीन काही करत नाही, कायद्याचा अर्थ पहिल्यापासून हाच होता! संशोधनात अशा शब्दांवर थांबायला शिका. 'दुरुस्ती' आणि 'स्पष्टीकरण' यांत इथे हजारो कोटींचा फरक होता.

आता एक गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते, माझ्याही सुटली होती. नफा झाला हचिसनला. नोटीस गेली व्होडाफोनला, म्हणजे खरेदीदाराला. पैसे देताना टीडीएस कापला नाही म्हणून. आज ५० लाखांचा फ्लॅट घेताना तुम्ही १ टक्का टीडीएस कापता, कारण नियम आधी माहीत असतो. पैसे देऊन पाच वर्षं झाल्यावर कोणी सांगितलं की कापायला हवा होता, तर कापणार कशातून? नफ्यावर उशिरा कर लावणं एक वेळ समजू शकतं. पण मागे जाऊन कर्तव्य लादणं मला अन्यायाचंच वाटतं.

याचा अर्थ मागे जाणारा प्रत्येक कर वाईट असा नाही. आपल्या घटनेचं कलम २०(१) पूर्वलक्षी शिक्षेला मनाई करतं, कराला नाही. अमेरिकेतही तसंच. तिथे १९८६ च्या कायद्यात एक फट राहिली: मृताच्या इस्टेटीने कर्मचारी-मालकी योजनेला शेअर विकले तर मोठी वजावट. एका व्यवस्थापकाने त्यासाठीच शेअर घेतले आणि दोन दिवसांत तोट्यात विकले. पुढच्या वर्षी काँग्रेसने फट मागल्या तारखेपासून बुजवली. १९९४ च्या कार्लटन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं, कारण चूक लवकर सुधारली होती आणि मागे जाण्याचा काळ थोडा होता. सव्वा वर्ष आणि पन्नास वर्षं यांना एकाच मापाने मोजू नका.

जर्मनीचं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. तिथे घर किंवा जमीन दोन वर्षांनी विकली तर नफा करमुक्त असे. १९९९ मध्ये ही मुदत दहा वर्षं केली. घटना न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं, मुदत वाढवा, पण ज्यांची दोन वर्षं आधीच संपली होती त्यांची कायदा जाहीर होईपर्यंतची मूल्यवाढ सोडा. एकाच मालमत्तेच्या नफ्याचे तारखेवरून दोन भाग! स्वीडनने तर १९८० च्या सुमारास पूर्वलक्षी करांवरची बंदी घटनेतच घातली, मोजक्या अपवादांसह.

आपल्याकडे सप्टेंबर २०२० मध्ये हेग इथल्या लवादाने व्होडाफोनच्या बाजूने निकाल दिला, डिसेंबरमध्ये केर्नच्या. ऑगस्ट २०२१ मध्ये संसदेने मागण्या मागे घेतल्या. वसूल झालेले सुमारे ८,१०० कोटी परत, पण बिनव्याजी, आणि सगळे दावे सोडण्याच्या अटीवर. ही सूट फक्त २८ मे २०१२ पूर्वीच्या व्यवहारांना आहे. त्यानंतरच्या अशा विक्रीवर कर आजही लागतो. त्याबद्दल फारशी ओरड झालेली मला तरी दिसली नाही.