जखमेचे होन

मैत्रिणींनो, आपल्या लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला 1760 साली सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं, हे आपण शाळेत शिकलो. आम्ही विचारतो ते वेगळंच. मोहिमेआधी शिलेदाराला उचल मिळे, तिला नालबंदी म्हणत. घोड्यावर नि घरच्या दाण्यागोट्यावर ती संपलेली असणार. मग तो जायबंदी होऊन परतला तर?

शंभर वर्षं मागे जाऊ. सभासदाची बखर सांगते, 1659 मध्ये अफजलखानाचा मोड झाल्यावर शिवाजी महाराजांनी जखम पाहून माणशी 200, 100, 50, 25 होन दिले. मेलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेतलं, मुलगा नसेल त्या बाईला निम्मं वेतन चालू ठेवलं. बखर राजाराम महाराजांच्या काळातली, पण आकडे कसे नेमके! जखमेनं हिशेबात भर पडली, वजाबाकी नाही.

अमेरिकेत मात्र 2007 साली इराकमधून जखमी परतलेल्या काही सैनिकांकडे भरतीच्या बोनसचा काही भाग परत मागितला गेला. कारण काय, तर मुदत पुरी केली नाही! बोभाटा झाल्यावर माघार घ्यावी लागली. आमच्या मते उचल ही घर सोडून निघाल्याची. पाय गमावलेल्यानं मुदत मोडलेली नसते.

आज नांदेड-लातूरची पोरं अग्निवीर होतात. सेवेमुळे अपंगत्व आलं तर चार वर्षांतल्या उरलेल्या काळाचा पगार आणि सेवानिधी देण्याची तरतूद त्यात आहे. भरतीचा कागद घरी आला की तेवढं कलम पोराकडून मोठ्यानं वाचून घ्या.