सामूहिक वाचनाची गोष्ट

परभणीचा शेतकरी मृगाआधी ज्या पावसाच्या अंदाजाकडे डोळे लावतो, तो आज हजारो प्रोसेसर एकदम चालवून मांडतात. समांतर गणनाची ही विद्या आपल्याकडे पुण्याच्या 'परम ८०००' ने १९९१ साली रुजविली. पण गणिताआधी वाचन! एकाच फाइलीतले विखुरलेले तुकडे जो तो वेगळे मागू लागला की सारेच खोळंबते. १९९३ साली अमेरिकेत सिरॅक्यूजच्या संशोधकांनी तोड काढली: प्रत्येकाने एकेक सलग भाग वाचावा, मग ज्याचे त्यास वाटून द्यावे. मोंढ्यातून पायली-पायली न आणता आळीने गाडीच भरून आणावी, तसे हे; आम्हांस तरी ही तोड फार घरगुती वाटते. पुढे मुंबई विद्यापीठात शिकलेले राजीव ठाकूर यांनी ती 'रोमिओ' या आज्ञावलीत बसविली, आणि १९९७ च्या एमपीआय-२ प्रमाणकात सामूहिक वाचनास स्थान मिळाले. अट एकच: हाक सर्वांनी द्यावयाची. एक जरी गैरहजर राहिला, तरी बाकीचे तिष्ठत बसू शकतात.