नजरगहाण आणि हरकतदार

विट्यातल्या एका यंत्रमागाच्या शेडमध्ये मागाच्या लोखंडी चौकटीवर रंगानं काहीतरी लिहिलेलं होतं. वर रुईचा थर बसला होता. मालकानं अंगठ्यानं तो पुसला तेव्हा आधी बँकेचं नाव दिसलं आणि त्याखाली ‘यांच्याकडे नजरगहाण’. माग खटाखट चालूच होता. त्या एका शब्दापाशी मी अडकलो, तो अजून सुटलेलो नाही.

‘गहाण’ म्हणजे संस्कृत ‘ग्रहण’. प्राकृतात त्याचं ‘गहण’ झालं आणि मराठीत ‘गहाण’. सूर्याला लागतं ते आणि पाटल्यांना लागतं ते, मूळ एकच: धरणं, पकडणं. पाटल्या गहाण पडल्या म्हणजे त्या सराफाच्या तिजोरीत गेल्या. त्याच व्यवहाराचं दुसरं नाव ‘तारण’. ते आलं ‘तरणे, तारणे’ यातून. कर्ज घेणाऱ्या घरात ‘गहाण टाकलं’ म्हणतात, देणाऱ्याच्या वहीत ‘तारण घेतलं’ अशी नोंद होते. वस्तू एकच, पण एकाला ती पकडलेली दिसते आणि दुसऱ्याला तारणारी.

आता माग गहाण टाकायचा तर कसा? तो उचलून बँकेत नेला तर कापड कुठं विणायचं आणि हप्ता कशातून फेडायचा? ही अडचण जुनी आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत गहाणाला ‘आधि’ म्हटलं आहे आणि त्याचे दोन प्रकार सांगितले आहेत: नुसता जपून ठेवायचा तो गोप्य, धनकोनं वापरायचा तो भोग्य. दोन्हींत वस्तू धनकोच्या हाती जाते. जी जात नाही तिच्यासाठी ‘दृष्टबंधक’ हा शब्द आला. मराठीत त्यातल्या ‘दृष्ट’च्या जागी अरबीतली ‘नजर’ दिसते, आणि ‘गहाण’ प्राकृतातून आलेलं. दोन कुळांतल्या शब्दांनी मिळून नेमकी गोष्ट सांगितली: मुठीत काही नाही, धनकोची फक्त नजर आहे.

नजरेला कुलूप लावता येत नाही. खटला इथंच उभा राहतो. समजा, सुताच्या व्यापाऱ्याची उधारी थकली. त्यानं दावा लावला, हुकूमनामा मिळवला आणि दरखास्त दाखल केली. (फारसीत ‘दरखास्त’ म्हणजे विनंती. आपल्या दिवाणी कोर्टात मात्र दरखास्त म्हटलं की हुकूमनाम्याची बजावणी.) बेलिफ आला, पंचनामा झाला, मागांवर जप्ती बसली. शेतजमीन असती तर सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बँकेचा बोजा कुणालाही वाचता आला असता. यंत्राला सातबारा नसतो. मग बँक धावत कोर्टात येते: थांबा, या मागांवर आमचं नजरगहाण आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या २१व्या आदेशातला ५८वा नियम तिला तसं म्हणू देतो, मात्र लिलाव होऊन जाण्याआधी. १९७६च्या दुरुस्तीपासून दरखास्त चालवणारं कोर्टच हक्काचा निकाल देतं, आणि तो हुकूमनाम्याच्या तोडीचा मानला जातो. त्याआधी वेगळा दावा लावावा लागे.

या बँकेला कागदोपत्री ‘त्रयस्थ’ म्हणतात, ते मला पटत नाही. रोजच्या मराठीत त्रयस्थ म्हणजे ज्याचं त्यात काही अडकलेलं नाही तो. ‘त्रयस्थपणे विचार कर’ असं आपण सांगतो. ‘तिऱ्हाईत’ही तसाच, ना सोयर ना सुतक. जुन्या खतांच्या आरंभी ‘धनको नाम’ अमुक, ‘रिणको नाम’ तमुक अशी दोघांची नावं येत. तिसऱ्याची जागा तळाशी, ‘साक्ष’ या शब्दापुढं. १८७९च्या दख्खन शेतकरी कायद्यानं साताऱ्यासह चार जिल्ह्यांत शेतकऱ्याचं खत गावच्या रजिस्ट्रारपुढं व्हावं अशी सोय केली. तोही तिसराच, पण त्याचा पैसा त्यात नव्हता. म्हणून तो खरा त्रयस्थ. स्वतःच्या पैशासाठी धावत आलेल्याला हा शब्द देऊ नये.

त्याच्यासाठी ‘हरकतदार’ हा शब्द कोर्टातच तयार आहे. अरबीत ‘हरकत’ म्हणजे हालचाल. गायक चालत्या सुरावटीत चटकन एक वळण घेतो, तीही हरकतच. चालू कामात मध्येच हललेला, म्हणून हरकतदार. हा शब्द कागदावर ठसठशीत यावा, असं मला मनापासून वाटतं.

आणखी एका माणसाला, ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला, तर नावच मिळालेलं नाही. सातारा-सांगलीच्या साखरपट्ट्यात कारखान्याच्या गोदामातली साखर मालतारण असते. तिथं नजर नाही, सरळ बँकेचं कुलूप. या कुलपाला किती वजन आहे, ते सर्वोच्च न्यायालयानं २००७मध्ये कर्नाटकातल्या सिरिगुप्पा शुगर्सच्या खटल्यात सांगितलं. एका बाजूला तारण साखरेवर हक्क सांगणारी सेंट्रल बँक, दुसऱ्या बाजूला ऊस उत्पादकांची थकबाकी आणि कामगारांची देणी. आधी बँकेचा हक्क, असा निकाल लागला. उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यावेत, असं १९६६चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. पण पैसे थकले म्हणून शेतकऱ्याचं त्या गोदामावर गहाण बसत नाही, तारणही नाही आणि नजरगहाणही नाही.

वाळव्याचा किंवा कराडचा शेतकरी त्या पैशाला ‘बिल’ म्हणतो. ‘बिल निघालं का?’ असं पारावर विचारतो. आपण ऊस उधार घातला आहे, आपण कारखान्याचे धनको आहोत, हे त्याच्या बोलण्यात कुठं येतच नाही. कर्ज म्हटलं की त्याला सोसायटीचं आठवतं, आणि तिथं तो रिणको असतो.