जैवभार वायूकरण : ग्रामीण वीजपुरवठा

लाकूड, भाताची तुसे, तुराट्या असा जैवभार अपुऱ्या हवेत जाळून मिळणाऱ्या ज्वलनशील वायूवर इंजिन चालवून वीज निर्माण करण्याची पद्धत. या वायूत कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन प्रत्येकी सुमारे पाचवा हिस्सा, थोडा मिथेन आणि जवळपास निम्मा नायट्रोजन असतो. एक युनिट विजेला साधारण एक ते दीड किलो लाकूड लागते.

खरी कसोटी वायूच्या शुद्धीकरणाची. वायूसोबत डांबर व राख येते. पाण्याने धुऊन, मग कोळसा, लाकडाचा भुसा आणि कापडाच्या गाळण्यांतून तो नेला नाही, तर इंजिनाच्या झडपा चिकटतात. गाळण्या वेळच्या वेळी साफ करणारा प्रशिक्षित माणूस गावातच नसेल, तर उत्तम संयंत्रही बंद पडते.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने कर्नाटकातील होसहळ्ळी येथे १९८८ मध्ये लाकडावरचे छोटे संयंत्र उभारले; त्यातून घरांत दिवे लागलेच, पुढे पिण्याचे पाणी मिळू लागले व पिठाची गिरणीही चालली. बिहारमध्ये पश्चिम चंपारणातील तमकुहा गावात ‘हस्क पॉवर सिस्टिम्स’ने २००७ मध्ये भाताच्या तुसांवर वीज सुरू केली. बांबूच्या खांबांवरून तारा नेल्याने खर्च आटोक्यात राहिला. उरलेल्या काळ्या राखेपासून स्त्रिया अगरबत्त्या करू लागल्या. पुढे कंपनीने सौरऊर्जेची जोड दिली. महाराष्ट्रात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने उसाच्या पाचटावर चालणारे वायुकारक विकसित केले. त्यांचा उद्देश मात्र प्रामुख्याने उष्णता पुरवण्याचा होता.