रबर, पेट्रोल आणि राखीव मार्गिका : अमेरिकेतील कारपूलचा इतिहास

एकाच दिशेने कामावर जाणाऱ्या तिघाचौघांनी आपापल्या मोटारी घरी ठेवून एकाच मोटारीतून जायचे आणि खर्च वाटून घ्यायचा, या व्यवस्थेला कारपूल म्हणतात. आज तिचा पुरस्कार पैशांची बचत आणि वाहतूककोंडी यांच्या नावाने होत असला, तरी अमेरिकेत ती देशव्यापी सरकारी धोरण बनली ती रबराच्या टंचाईमुळे. त्याआधी 1914 च्या मंदीत लॉस एंजेलिसमधील मोटारमालक ट्रामच्या रस्त्यावरून पाच सेंटांत उतारू नेत असत. पण तो उघड धंदा होता, आणि ट्राम कंपन्यांच्या विरोधामुळे नगरपालिकांनी घातलेल्या परवान्याच्या व तारणाच्या अटींखाली तो काही वर्षांतच बसला.

1942 च्या आरंभी जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज, म्हणजे आजचा इंडोनेशिया, जिंकल्यावर अमेरिकेचा नैसर्गिक रबराचा सुमारे 90 टक्के पुरवठा तुटला. टायर टिकवायचे तर मोटारी कमी धावल्या पाहिजेत आणि त्या कमी धावाव्यात म्हणून पेट्रोल मोजून दिले पाहिजे, असा हिशोब मांडला गेला. त्यामुळे तेलाची ददात नसलेल्या त्या देशात 1 डिसेंबर 1942 पासून पेट्रोलचे देशव्यापी रेशनिंग सुरू झाले आणि वेगाची मर्यादा ताशी 35 मैलांवर आणली गेली. प्रत्येक मोटारीच्या समोरच्या काचेवर आपल्या वर्गाचे अक्षर चिकटवलेले असे. सर्वसाधारण मालकाच्या 'ए' वर्गाला आठवड्याला तीन ते चार गॅलन, म्हणजे जेमतेम 11 ते 15 लिटर पेट्रोल मिळे. ज्याला कामासाठी अधिक हवे असे त्याला 'बी' वर्ग मागताना आपण सहकाऱ्यांना सोबत नेतो, किंवा तसे नेणे शक्यच नाही, हे स्थानिक रेशनिंग मंडळाला पटवून द्यावे लागे. वाइमर पर्सेल या चित्रकाराच्या 1943 मधील सरकारी भित्तिचित्रात ऐटीत मोटार हाकणाऱ्या एकट्या गृहस्थाशेजारच्या आसनावर हिटलरची पुसट बाह्याकृती बसलेली दिसते, आणि एकट्याने जाणारा माणूस शत्रूलाच सोबत नेतो, असे खालचा मजकूर बजावतो. प्रचाराचा हा नमुना अजोड खरा. परंतु लोकांना एका मोटारीत बसवण्याचे श्रेय चित्रापेक्षा काचेवरच्या अक्षराला अधिक द्यावे लागते, कारण ऑगस्ट 1945 मध्ये पेट्रोल खुले होताच ही सवय ओसरू लागली आणि पुढच्या दोन दशकांत उपनगरांबरोबर मोटारींची संख्याही वाढत गेली.

ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी तेलबंदी पुकारल्यावर तोच धडा पुन्हा गिरवला गेला. या वेळी टिकाऊ ठरले ते एका रस्त्यावरचे नियोजन. व्हर्जिनियाच्या उपनगरांतून वॉशिंग्टनकडे जाणाऱ्या शर्ली महामार्गावर 1969 पासून केवळ बसगाड्यांसाठी राखलेली मार्गिका होती; ती डिसेंबर 1973 मध्ये चार किंवा अधिक माणसे असलेल्या मोटारींनाही खुली झाली, आणि पुढे ही अट तिघांवर आली. तेव्हा एकट्या चालकांना वेळ वाचवण्यासाठी माणसे हवीशी झाली आणि बसच्या रांगेतील माणसांना फुकटची जागा. यातूनच अनोळखी लोकांनी ठरलेल्या जागी रांग लावायची, चालकाने काच खाली करून ठिकाणाचे नाव पुकारायचे, पहिल्या दोघांनी आत बसायचे, पैशांची देवघेव करायची नाही आणि चालकाने विषय काढल्याखेरीज गप्पा मारायच्या नाहीत, अशी रीत पडली. रांगेत स्त्रीला एकटी मागे ठेवायचे नाही, हाही त्यातलाच संकेत. कोणत्याही खात्याने न आखलेली ही शिस्त सरकारी मोहिमांपेक्षा दीर्घायुषी ठरली.

देशभरचे चित्र मात्र उलटे होते. 1980 च्या जनगणनेत कामावर जाणाऱ्यांपैकी 19.7 टक्के लोक कारपूलने जात होते. तेल स्वस्त झाल्यावर हे प्रमाण घसरत गेले, 2000 मध्ये ते 12.2 टक्क्यांवर आले आणि 2010 च्या सुमारास दहा टक्क्यांच्याही खाली गेले.