विपन्न बांधव आणि ख्रिस्ती मंडळी : वसईचा दाखला

ख्रिस्ती मंडळ्यांनीं आपल्या विपन्न बांधवांस साह्य कसें केलें, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. आमचा गोंदिया जिल्हा १९९९ त भंडाऱ्यांतून निराळा झाला. इकडील मंडळ्या बहुतांशीं एकोणिसाव्या शतकाच्या अलीकडील. नागपुरास स्टीफन हिस्लॉप आले तेच १८४५ त. तेव्हां जुना दाखला पाहावयाचा तर कोंकणपट्टीकडे, विशेषतः वसईकडे, वळलें पाहिजे.

प्रश्न मात्र त्या धर्माइतकाच जुना आहे. यरुशलेमच्या मंडळींत ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वांटपांत उपेक्षा होते अशी कुरकुर उठली व त्या कामावर सात जण नेमावे लागले, असें वृत्त ‘प्रेषितांचीं कृत्यें’ या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायांत आहे. द्रव्य जमविण्यापेक्षां तें निःपक्षपातानें वांटणें कठीण, हें पहिल्याच पिढीस कळून चुकलें होतें. पुढील व्यवस्था याच कसोटीवर घासून पाहाव्या, असें आमचें मत आहे.

लिस्बन येथें १४९८ त राणी लिओनोर हिच्या आश्रयानें ‘मिझेरिकॉर्दिया’, म्हणजे दया, या नांवाचा गृहस्थांचा संघ स्थापन झाला. त्याची नियमावली १५१६ त छापली गेली. गोवें १५१० त व वसई १५३४ त पोर्तुगीजांच्या हातीं गेल्यावर दोन्हीं ठिकाणीं त्याच्या शाखा निघाल्या. संघापुढें दयेचीं चौदा कृत्यें होतीं : सात देहाचीं व सात आत्म्याचीं. भुकेल्यास अन्न, उघड्यास वस्त्र, रोग्याचा समाचार, बंदिवानाची सुटका, मृतास मूठमाती हीं त्यांपैकीं होत. गोव्याच्या शाखेकडे अनाथ मुलींस विवाहासाठीं द्रव्य देणें, इकडे मेलेल्यांची मालमत्ता पोर्तुगालांतील वारसांस पोंचविणें, हींही कामें असत. कारभारी प्रतिवर्षीं २ जुलै रोजीं, मरियेच्या भेटीच्या सणास, निवडले जात.

यांत सर्वांत मननीय वर्ग ‘लाजऱ्या गरिबां’चा. चांगल्या स्थितींतून खालीं आलेलीं व हात पसरण्यास लाजणारीं हीं कुटुंबें. सभासद त्यांच्या घरीं जाऊन गरजेची व वर्तनाची चौकशी करीत आणि मदत गुपचूप पोंचवीत. पात्राचा विचार हेमाद्रीच्या दानखंडांतही आहे व गुप्तदानाची थोरवी आपणांस ठाऊकच आहे. परंतु गुप्तदानांत दाता झांकला जातो, येथें घेणाऱ्याची अब्रू झांकली जाई.

तथापि दोष झांकणें इतिहासास शोभत नाहीं. सभासदत्व पुरुषांपुरतें, तेंही मुख्यतः पोर्तुगीज वंशाच्या. त्यांतही उमराव व कारागीर अशा दोन प्रती. एतद्देशीय ख्रिस्ती बहुधा बाहेरच राहिले. त्यांस आपापल्या चर्चमधील ‘कोंफ्रारिया’ म्हणजे बंधुसंघांचा आधार असे. गोव्यांत तेथेंही गांवकरांचें वर्चस्व होतें. शिवाय अडचणीच्या प्रसंगीं सरकार मिझेरिकॉर्दियाच्या ठेवींतून कर्ज काढी. म्हणजे विधवांची कुरकुर निराळ्या रूपानें उरलीच.

मे १७३९ त चिमाजीअप्पांनीं वसई घेतली. पोर्तुगीज सत्ता गेली, ख्रिस्ती रयत राहिली. पुढें तेथील शेतकऱ्यांस सावकारी कर्जाचा जाच होऊं लागला. १९०४ च्या कायद्यानें सहकारी पतपेढ्यांस वाट मोकळी करून दिली होती. १९१८ त मोन्सेन्यर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकारानें वसईस कॅथलिक सहकारी पतसंस्था निघाली. आजची बसीन कॅथलिक सहकारी बँक ती हीच. भिक्षेच्या जागीं भागीदारी आली. ज्याचा भाग आहे त्यास हिशेब विचारण्याचा हक्क आहे, हें त्या जुन्या कुरकुरीस मोठें उत्तर होय. मात्र ज्यास फेडण्याची शक्तीच नाहीं, त्यास कर्ज देणें म्हणजे दुसरें ओझें देणें. तेथें दानच हवें.

सारांश, घरीं जाऊन चौकशी, घेणाऱ्याची अब्रू, निवडलेले कारभारी, उघडा हिशेब, आणि दान व कर्ज यांचे निराळे कोश, इतकें वसईच्या दाखल्यावरून घेण्याजोगें आहे. आमच्याकडील लहानशा मंडळीसही तें अशक्य नाहीं.

संग्राहकांस एक विनंती. राजपत्रें व सनदा आपण जपतां. चर्चच्या जुन्या हिशेबवह्या मात्र रद्दींत जातात. गरिबांचा इतिहास बहुधा तेवढ्याच कागदांत उरतो. त्या सांपडल्यास जतन कराव्या, आणि प्रसिद्ध करतांना अलीकडील घेणाऱ्यांचीं नांवें गाळावीं. ज्यांनीं मदत गुपचूप दिली त्यांचा हेतु संशोधकानें मोडूं नये.