वऱ्हाडातील घररचना आणि किशोरवयीनांची खोली : बार्शीटाकळी परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

इतिहासलेखनात राजवाडे, किल्ले आणि मंदिरे यांना जे स्थान लाभले ते सामान्य माणसाच्या घराला लाभले नाही. आणि घराच्या आत वाढणाऱ्या मुलाच्या वाट्याला कोणता कोपरा आला, हा प्रश्न तर बहुधा विचारलाच गेला नाही. अकोला जिल्ह्यातील बार्शीटाकळी हे गाव अभ्यासकांना परिचित आहे ते तेथील काळंका देवीच्या प्राचीन मंदिरामुळे आणि शके १०९८ च्या शिलालेखामुळे. परंतु त्याच गावात घराचे नूतनीकरण काढताना 'ही खोली आता दहावीतल्या मुलीची, रंग तीच ठरवील' असे एखादे कुटुंब म्हणते, तेव्हा त्या साध्या वाक्यामागेही मोठा इतिहास उभा असतो. मुलगी दहावीपर्यंत अविवाहित आहे, ती शिकते आहे, घराला एकाहून अधिक खोल्या आहेत आणि रंगाविषयी तिचे मत ग्राह्य मानले जाते, या चारही गोष्टी शंभर वर्षांपूर्वी गृहीत धरता येत नव्हत्या. प्रस्तुत लेखात या चार गोष्टी एकत्र कशा आल्या आणि कोणाच्या बाबतीत त्या अद्याप आलेल्या नाहीत, याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे

१) पारंपरिक वऱ्हाडी घरात किशोरवयीनांच्या वावराची जागा कोणती होती हे पाहणे.
२) विवाहवयाचे कायदे व शालेय शिक्षण यांचा त्या जागेवर झालेला परिणाम तपासणे.
३) खोली सजविण्याच्या साधनांतील बदल नोंदविणे.
४) स्वतंत्र खोलीच्या प्रश्नातील लिंगभेद व वर्गभेद स्पष्ट करणे.

या अभ्यासासाठी प्रकाशित साधने, कायदे, जनगणनेची माहिती आणि परिसरातील घररचनेची परिचित वैशिष्ट्ये यांचा आधार घेतला आहे.

पारंपरिक घर : झोपण्याची जागा, झोपण्याची खोली नव्हे

वऱ्हाडातील जुन्या घरांचे स्थूलमानाने दोन प्रकार दिसतात. पाटील, देशमुख, सावकार यांचे वाडे; आणि शेतकरी, मजूर, कारागीर यांची माती, कूड व कवेलूंची घरे. कुडाच्या भिंती तुराटी किंवा पराटी उभी बांधून त्यांवर शेणामातीचा लेप देऊन केलेल्या असत. धाब्याच्या घरांना मातीचे सपाट छत असे. ओसरी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, न्हाणी आणि अंगण ही नावे पाहिली म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. या खोल्या कामावरून ओळखल्या जात, माणसावरून नव्हे. अपवाद बाळंतिणीच्या खोलीचा. परंतु तीही ठराविक दिवसांपुरतीच एका स्त्रीची असे.

झोपणे ही कृतीदेखील एका जागी बांधलेली नव्हती. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या या प्रदेशात रात्री खाटा अंगणात किंवा धाब्यावर जात. पावसाळ्यात त्या ओसरीवर येत आणि हिवाळ्यात माणसे माजघरात शिरत. मिसरूड फुटू लागलेला मुलगा माजघरातून ओसरीवर, म्हणजे पुरुषांच्या बाजूस येई. मुलगी मात्र आजी, आत्या, काकू यांच्या अंथरुणांच्या रांगेत आतच राहत असे. वय वाढल्याची खूण खोली मिळणे ही नव्हती, तर कोणाशेजारी गोधडी पडते यातील बदल ही होती. ज्याला आज आपण खासगीपणा म्हणतो त्याची जागा भिंतीतील कोनाडा, खुंटी आणि कुलपाची पेटी यांच्यापुरती मर्यादित होती.

हे केवळ वऱ्हाडाचे वैशिष्ट्य समजण्याचे कारण नाही. फ्रेंच इतिहासकार फिलिप आरियेस यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या बालपणाच्या इतिहासात युरोपातील घरेही दीर्घकाळ अशीच सर्वांच्या वावराची होती, असे प्रतिपादन केले आहे. त्यांच्या काही निष्कर्षांवर पुढे टीका झाली; तथापि घराची रचना आणि बालपणाची कल्पना परस्परांशी निगडित असतात, हे त्यांचे सूत्र येथेही उपयुक्त ठरते.

मखर आणि 'बाजूची' जागा

किशोरवयीन व्यक्तीसाठी घरातील जागा मुद्दाम सजविण्याची प्रथा आपल्याकडे अगदीच नव्हती असे नाही. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मुलीला न्हाण आले म्हणजे तिला मखरात बसवीत. केळीचे खांब, रंगीत कागद, आरसे, फुले यांनी कोपरा सजविला जाई. सुवासिनी गाणी म्हणत, ओटी भरीत. एका किशोरीसाठी घराने उभारलेली ही सजावटच होती. मात्र त्या सजावटीत मुलीच्या आवडीनिवडीस स्थान नव्हते. बहुधा विवाहित असलेल्या त्या मुलीची सासरी नांदण्याची वेळ झाली, याची ती जाहीर घोषणा होती.

मखराचे दिवस संपल्यानंतर दरमहा तिच्या वाट्याला येई ती 'बाजूला बसण्याची' जागा : वेगळे अंथरूण, वेगळे भांडे, देवघराकडे व स्वयंपाकघराकडे जाण्यास मनाई. म्हणजे वऱ्हाडी घरात मुलीला प्रथम मिळालेली स्वतंत्र जागा ही विटाळाची जागा होती. एकांत हा हक्क म्हणून न येता निर्बंध म्हणून आला. आजच्या किशोरीच्या खोलीचा इतिहास लिहिताना हा आरंभबिंदू विसरता येत नाही. वऱ्हाडातीलच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' प्रसिद्ध करून स्त्रीवर घातलेल्या बंधनांचा जाब विचारला, ही घटना या पार्श्वभूमीवर अधिक अर्थपूर्ण वाटते.

विवाहवयाचे कायदे आणि किशोरावस्थेचा अवकाश

बालपण आणि संसार यांच्यामध्ये काही वर्षे मोकळी राहिली तरच किशोरावस्था संभवते. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने वयोमर्यादा दहावरून बारा वर्षे केली. १९२९ मध्ये संमत होऊन १ एप्रिल १९३० पासून अंमलात आलेल्या शारदा कायद्याने विवाहाचे किमान वय मुलीसाठी १४ व मुलासाठी १८ ठरविले. पुढे १९४९ मध्ये मुलीचे वय १५ झाले आणि १९७८ च्या दुरुस्तीने ते अनुक्रमे १८ व २१ झाले. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने हीच मर्यादा अधिक बळकट केली. कायद्याच्या पुस्तकातील हे आकडे घराच्या भाषेत वाचले पाहिजेत. चौदाव्या वर्षी सासरी जाणाऱ्या मुलीसाठी माहेरी खोली बांधण्याचा विचार कोणी करीत नाही; अठराव्या वर्षापर्यंत घरी राहणारी, शिकणारी मुलगी मात्र घराला तो विचार करावयास लावते.

जी. स्टॅन्ली हॉल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा किशोरावस्थेवरील ग्रंथ १९०४ मधील आहे आणि व्हर्जिनिया वुल्फ यांचा स्त्रीच्या स्वतःच्या खोलीविषयीचा प्रसिद्ध निबंध १९२९ मधील, म्हणजे शारदा कायद्याच्याच वर्षातील आहे. तिकडे लेखिकेसाठी खोली मागितली जात होती, तेव्हा येथे मुलीला चौदा वर्षांची होऊ देण्याची मागणी होत होती. दोन्ही मागण्यांचे टप्पे भिन्न असले तरी दिशा एकच होती.

शाळा, वसतिगृह आणि ट्रंक

१८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे वऱ्हाडच्या कापसाला तेजी आली आणि १८६७ पर्यंत मुंबई-नागपूर लोहमार्ग पूर्ण झाला. या पैशातून काही घरांना माड्या चढल्या, शिसवी पलंग व मोठे आरसे आले. परंतु मुलाला स्वतंत्र जागेची सवय लावली ती माडीने नव्हे, तर शिक्षणाने. अमरावती येथे १९२३ मध्ये किंग एडवर्ड महाविद्यालय सुरू झाले, डॉ. पंजाबराव देशमुख यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय चालवून निरनिराळ्या जातींच्या मुलांना एका छपराखाली आणले. खेड्यातून आलेल्या मुलाला वसतिगृहात एक खाट, एक फळी आणि आपल्या नावाची पत्र्याची ट्रंक मिळे. ट्रंकेच्या झाकणाच्या आत चिकटविलेले चित्र ही अनेकांच्या आयुष्यातील पहिली 'स्वतःची' सजावट म्हटली पाहिजे.

ज्यांना तेवढेही मिळाले नाही त्यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर शाळकरी वयात मुंबईच्या परळ भागात डबक चाळीतील एका खोलीत कुटुंबासह राहत होते. वडील रामजी मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास त्यांना अभ्यासाला उठवीत आणि मग स्वतः त्या जागी आडवे होत, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले ते अशा परिस्थितीत. जागेची वाटणी करता येत नव्हती म्हणून या पितापुत्रांनी काळाची वाटणी केली. पुढे दादर येथे 'राजगृह' उभारताना त्यांनी ग्रंथांसाठी प्रशस्त जागा योजली, यामागील आस या पूर्वानुभवाच्या प्रकाशात समजते.

स्वातंत्र्योत्तर काळात परीक्षा हीच खोलीची मुख्य सबब बनली. महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधानुसार दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये झाली. तेव्हापासून 'दहावीचे वर्ष' ही मध्यमवर्गीय घरातील एक स्वतंत्र व्यवस्था झाली. ओसरीचा एक भाग आडभिंत घालून बंद करणे, टेबल-खुर्ची आणणे, विजेचा दिवा खाली ओढून घेणे हे बदल प्रथम अभ्यासाच्या नावाने झाले. खोली मुलाची झाली नाही. ती परीक्षेची झाली. निकालानंतर तेथे पुन्हा धान्याची पोती येत असत.

भिंत, रंग आणि चित्र

जुन्या घराची सजावट सणांशी बांधलेली होती. दिवाळीपूर्वी पांढऱ्या मातीचा पोतारा, गेरूचा पट्टा, चुन्यात घातलेली नीळ ही तिची साधने. हे काम प्रामुख्याने घरातील स्त्रिया व मुली करीत. म्हणजे रंगविणारे हात मुलींचे असत, रंग मात्र परंपरेने ठरलेला असे. मुंबईत १९४२ मध्ये स्थापन झालेल्या एशियन पेंट्ससारख्या कंपन्यांनी हे चित्र हळूहळू पालटले. १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी या कंपनीसाठी रेखाटलेला 'गट्टू' हातात ब्रश व रंगाचा डबा घेतलेला एक खट्याळ मुलगाच होता. डिस्टेंपर आले तशी रंगपत्रिका आली आणि रंगपत्रिकेबरोबर निवड आली. निवड आली म्हणजे मतभेदही आलेच.

भिंतीवरील चित्रांचाही असाच क्रम आहे. राजा रविवर्मा यांच्या १८९४ मध्ये सुरू झालेल्या छापखान्याने देवदेवता घरोघरी पोहोचविल्या. त्यानंतर दिनदर्शिका, राष्ट्रपुरुषांच्या तसबिरी आणि पुढे सिनेनट व क्रिकेटपटूंची भित्तिचित्रे आली. देवाच्या चित्राला संपूर्ण घर नमस्कार करी. भित्तिचित्र मात्र एकट्या मुलाचे असे. घरातील एखाद्या भिंतीवर वडिलांना न आवडणारे चित्र टिकून राहणे, ही घटना लहान वाटली तरी कौटुंबिक सत्तेच्या इतिहासात ती नोंदविण्याजोगी आहे.

या परिसरातील नूतनीकरणाला भूगोलाच्याही मर्यादा आहेत. काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे उथळ पायाच्या भिंतींना भेगा पडतात आणि भेगा बुजविल्याखेरीज कोणताही रंग टिकत नाही. टिनाच्या छताखालील खोलीत गडद रंगापेक्षा फिका रंग, पडद्यापेक्षा वाळ्याची ताटी किंवा कूलर अधिक उपयोगी पडतो. जुन्या तैलरंगांत शिशाचे प्रमाण जास्त असू शकते; घरगुती रंगांतील शिशावर ९० दशलक्षांशांची मर्यादा घालणारे नियम भारतात २०१६ मध्ये झाले व नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. म्हणून जुना रंग कोरडा खरवडताना मुलांना दूर ठेवणे आवश्यक ठरते.

खोली कोणाला?

येथे मूळ प्रश्नाकडे वळले पाहिजे. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील ३७.१ टक्के कुटुंबे एका खोलीत राहत होती. इंदिरा आवास योजनेत घराचे किमान क्षेत्र २० चौरस मीटर होते. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात ते स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर झाले. एवढ्या जागेत पाच माणसांच्या कुटुंबाने किशोरवयीन मुलीला खोली द्यावी कोठून? मार्च २०२० नंतर शाळा बंद होऊन शिक्षण मोबाइलवर आले, तेव्हा हा भेद उघडा पडला. ज्याला दार लावता येत होते त्याची शाळा चालू राहिली. इतरांची शाळा चुलीच्या धुरात आणि घरातील आवाजात विरून गेली.

दुसरा भेद घराच्या आतील आहे. दोन खोल्यांच्या घरात एक खोली मुलांना द्यावयाची ठरली की ती बहुधा मुलाला मिळते, कारण मुलगी 'परक्याचे धन' समजली जाते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला जन्मतः सहदायादाचा हक्क दिला. कायद्याने घर तिचेही झाले. खोलीबाबत मात्र घरातील रूढी मागेच राहिली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांपूर्वी झालेला होता. या मुलींच्या बाबतीत खोलीचा रंग ठरविण्याची वेळच आली नाही.

निष्कर्ष

१) पारंपरिक वऱ्हाडी घरात जागा कामावरून विभागलेली होती, किशोरवयीनांची खोली ही विसाव्या शतकातील घटना आहे.
२) मुलीच्या बाबतीत सजावट (मखर) आणि एकांत (बाजूला बसणे) या दोन्ही गोष्टी होत्या, परंतु दोहोंत तिच्या संमतीस स्थान नव्हते. आजच्या खोलीचे नवेपण रंगात किंवा फर्निचरमध्ये नसून या संमतीत आहे.
३) विवाहवयाचे कायदे आणि शालेय परीक्षा यांनी खोलीची गरज निर्माण केली, बाजाराने तिला रूप दिले.
४) शासकीय घरकुलांच्या आराखड्यात अभ्यासासाठी आडोशाची, दिव्याची व फळीची जागा प्रारंभीच योजली गेल्यास अल्प खर्चात मोठा लाभ संभवतो. जेथे खोली देणे शक्य नाही तेथे एक भिंत, एक कोनाडा, एक कुलपाचा कप्पा देता येतो आणि तो मुलीलाही देता येतो.

महाविद्यालयात आपल्यासमोर बसणारे विद्यार्थी वाचन का करीत नाहीत, असा प्रश्न अध्यापक म्हणून आपण वारंवार विचारतो. त्यापूर्वी ते घरी कोठे बसून वाचतात हा प्रश्न विचारणे इतिहासाच्या दृष्टीने अधिक न्याय्य होईल.